फोन कुणी केला ते सांगा!

हे किस्से आम्ही मुद्दाम जपून ठेवलेले नाहीत. ऑफिसात चहा ठेवला की एक निघतो, त्याच्या शेपटाला धरून दुसरा येतो, आणि तोवर चहा उतू गेलेला असतो. परवा एका लग्नात मैत्रिणीनं विचारलं, "तुझ्या कामात हसण्यासारखं असतं तरी काय गं?" मी सांगायला लागले तर जेवणाची पंगत उठून गेली, तरी आम्ही तिथंच!

मी मुलांच्या हेल्पलाइनवर काम करते. कुणी पोराला मारतंय, उपाशी ठेवतंय, पोरं कसली नशा करतायत, असं दिसलं की लोक एका चार आकडी नंबरावर फोन करतात. जिल्ह्यातले ते फोन आमच्याकडे येतात. राजारामपुरीत एका कोचिंग क्लासच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस आहे. खाली दिवसभर त्रिकोणमिती चालते आणि वर आम्ही.

आम्ही म्हणजे मी, आमचे प्रमुख कांबळे सर आणि नंदू. नंदू गाडी चालवतो आणि माझ्याबरोबर घरोघरी येतो. त्याचा आवाज असा, की कुस्त्यांच्या मैदानात माईक बंद पडला तर पैलवानांची नावं पुकारायला त्यालाच उभा करतात. आमचं काम गुपचूप करायचं, आणि आमच्या वाट्याला आला नंदू!

एकच नियम लक्षात ठेवा, म्हणजे पुढचं सगळं कळेल. फोन करणाऱ्याचं नाव आम्ही कुणालाही सांगत नाही. आईबापाला नाही, शेजाऱ्याला नाही, पुढाऱ्याला तर मुळीच नाही. नियम सरकारी आहे, पण कांबळे सरांनी तो स्वतःच्या घरचा करून टाकलाय. "नाव एकदा फुटलं की पुढचा फोन येत न्हाय," ते म्हणतात, "आणि त्या पुढच्या फोनात एक पोरगं असतंय." म्हणून या गोष्टींमधली नावं मी बदलली आहेत. आमची तिघांची तेवढी खरी आहेत, कारण नंदूचं बदलून काही उपयोग नाही, आवाजावरून कळणारच.

*

लोकांना नाव गुप्त ठेवायचं असतं, पण कोल्हापूरच्या माणसाला ते जमत नाही!

राजारामपुरीतल्याच एका काकूंचा फोन आला. "माझं नाव अजिबात कळता कामा न्हाय हां. आमच्या वरच्या फ्लॅटात रोज संध्याकाळी पोराला बडवत्यात. लई वरडतंय वो ते." मग बिल्डिंगचं नाव सांगितलं, मजला सांगितला, स्वतःचा फ्लॅट नंबर सांगितला, आणि वर म्हणाल्या, "जाताना माझ्याकडं चा घेऊन जावा."

संध्याकाळी आम्ही गेलो. दाराबाहेरूनच ऐकू येत होतं. धप्प! धप्प! आणि मधे पोराचं, "आई गंऽ! मेलो! सोडा की!" नंदू दार मोडायच्या बेतात होता. मी त्याला मागं ओढलं आणि बेल वाजवली.

दार उघडलं ते पोराच्या वडिलांनी. उघडेबंब, कोपरापर्यंत तेलानं माखलेले. आत सतरंजीवर लंगोट लावलेलं पोरगं पालथं पडलेलं, तेलानं चकाकत होतं. नुकतंच तालमीत जायला लागलं होतं.

"मारतोय कुठं मॅडम?" वडील घाबरून म्हणाले. "मालीश करतोय!"

सतरंजीवरून आवाज आला, "त्यापेक्षा मारा की!"

हसू आलं तरी आम्ही आमचं काम केलं. पोराशी एकटीनं बोलले, पाठ बघितली, शाळेचं विचारलं. ठणठणीत होतं. त्याची तक्रार एवढीच होती की वडील वडा खाऊ देत नाहीत. आम्ही जिना उतरायला लागलो, तर खालच्या काकू दारातच उभ्या. सगळ्या जिन्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "काय झालं वो? मी फोन केलाता ते सांगितलं न्हाईसा न्हवं?"

वरून वडिलांचा आवाज आला, "काकू, या वर! तुमचं बी गुडघं चोळून देतो!"

काकू चार दिवस तोंड लपवून होत्या. मग कांबळे सरांनी स्वतः त्यांना फोन केला. "काकू, लाजू नका. पुढच्या वेळी असं काही ऐकलासा तर परत करा. आम्ही परत येतो." ते हे अगदी मनापासून सांगत होते. असे कितीही फुकटचे जिने चढायची आमची तयारी आहे.

*

आता उचगावचा फोन. तो मीच घेतला होता.

सकाळची वेळ होती. पलीकडचा आवाज मुद्दाम जाड काढलेला. "हॅलो. मी शेजारची काकू बोलतोय. आमच्या इथं एक पोरगी हाय, आरोही. तिची आई वारलीया. तिचा पप्पा गोळ्या खातोय, गांजा वडतोय आणि पट्ट्यानं मारतोय."

मी नेहमीचे प्रश्न विचारले. कधीपासून? कुठं लागलंय? घरात अजून कोण? प्रत्येक उत्तर पक्कं आलं. पट्टा दाराच्या मागं असतो, गोळ्या पत्र्याच्या डब्यात असतात, वडिलांचं नाव सर्जेराव, फौंड्रीत कामाला होते, आता जात नाहीत.

"काकू, तुमचं वय काय?"

"मोठी हाय मी. पन्नास. न्हाय, तीस."

"आणि तुम्ही दिवसभर घरीच असता?"

"व्हय. आता ठेवतो हां. प्रार्थना चुकली की बाई भाईर उभं करत्यात."

फोन कट झाला. नंदू हे ऐकून हसेल असं मला वाटलं होतं. तो हसला नाही. उठून गाडीची किल्ली घेऊन दारात उभा राहिला.

त्या काकूंचं नाव मला माहीत आहे. तुम्हालाही सांगणार नाही.

*

पोलीस ठाण्यातून एक ताई बरोबर घेतल्या आणि गाडी गल्लीपासून लांब लावली. कांबळे सरांनी नंदूला बजावलं होतं की हळू बोलायचं. नंदूनं कोपऱ्यावरच्या माणसाला त्याच्या मते हळूच विचारलं, "पावणं, सर्जेरावचं घर कुठलं?" गल्लीच्या त्या टोकाची कुत्री भुंकायला लागली.

मग काय, गल्ली बाहेर! आम्ही कुणाला काही विचारलंसुद्धा नव्हतं, आणि शेजारची बाई हात पुसत पुढं आली. "मी फोन केला न्हाय हां!" आत तिच्या कुकरच्या शिट्ट्या चालू होत्या. तिच्यामागून अर्धी दाढी केलेला एक जण आला. "मी तर घरातच नसतोय." एक रिटायर कंडक्टर होते, ते म्हणाले, "दुसऱ्याच्या घरात नाक खुपसायची आमची पद्धत न्हाय." फोन केला नाही हे सांगायला माणसं अक्षरशः पुढं येत होती!

"पण तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं.

"व्हय की," कुकरवाली म्हणाली. "पोरगी लई वरडती वो कवाकवा. मग आम्ही टीव्ही मोठा करतो."

तिनं हे सहज सांगितलं, भाजीचा भाव सांगावा तसं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सगळ्या गल्लीला माहीत होतं, आणि फोन मात्र भलतीकडूनच आला होता. मी काही बोलणार तेवढ्यात नंदू त्याच्या खऱ्या आवाजात बोलला.

"आता बारीक करा म्हणावं टीव्ही. पोरगी चाललीया."

आत सर्जेराव झोपला होता, उठवला तरी धड उठत नव्हता. आरोही शाळा सुटून आलेली, गणवेशातच कोपऱ्यात उभी होती. माझा आवाज ऐकून तिनं माझ्याकडे बघितलं आणि ओळख दाखवली नाही. मीही दाखवली नाही. दंडावर आणि पोटरीवर पट्ट्याचे वळ होते. पट्टा दाराच्या मागं होता.

तपासणी झाली, पोलिसांत गुन्हा नोंदवला गेला, आणि आरोहीला बाल कल्याण समितीपुढं नेलं. अशा पोरानं कुठं राहायचं ते ही समिती ठरवते. तिनं मावशीचं नाव घेतलं. मावशी कबनूरची, घराला लागूनच यंत्रमाग. समितीनं चौकशी करून तिला मावशीकडे दिली.

आम्हीच तिला गाडीतून कबनूरला सोडायला निघालो. निम्म्या रस्त्यात ती म्हणाली, "मॅडम, फोन कुणी केला ते पप्पाला कळणार?"

"नाही."

"त्यानं लई लई विचारलं तर?"

"तरी नाही."

"चा पाजला तर?"

"तरी नाही."

पुढून नंदू कुजबुजला, म्हणजे मागच्या ट्रकवाल्यालाही ऐकू गेलं असेल, "मिसळ चारली तरी न्हाय!"

त्यावर ती पहिल्यांदा हसली. मग खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "त्याला कळलं तर तो मला कवाच बोलवायचा न्हाय घरी." मला वाटलं होतं ती म्हणेल, मारेल. पोरीला माराची भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती ही होती. मी तिचा हात हातात घेतला आणि शब्द दिला.

*

जामीन मिळताच सर्जेराव ऑफिसात आला तो जिन्यापासूनच ओरडत.

"फोन कुणी केला ते सांगा! त्याचं टाळकं फोडल्याशिवाय ऱ्हात न्हाय!"

खालच्या क्लासचे सर वर आले आणि म्हणाले, पोरांना साइन-कॉस ऐकू येत नाहीत. कांबळे सरांनी त्यांची माफी मागितली, सर्जेरावला खुर्ची दिली. "बसा पावणं. चा घ्या."

"चा नको, नाव पायजे! ती कुकरवालीच हाय न्हवं? मला ठाव हाय!"

"साखर किती?"

"मी हितंच बसणार! नाव कळल्याबिगर उठत न्हाय!"

"बसा की," सर म्हणाले. "आम्ही पण हितंच असतो. पगारच त्याचा हाय."

तो खरंच बसला. चहा प्यायला, दुसराही प्यायला, आणि शेवटी गाढ झोपला. उठला तेव्हा रिक्षाला पैसे नव्हते, म्हणून नंदूनं त्याला गाडीतून उचगावला सोडला. आमची पंचाईत बघा! जो टाळकं फोडायला आला त्यालाच दारात नेऊन सोडायचा. गाडीतून उतरताना तो नंदूला म्हणाला, "तू तर मर्दा आपला माणूस. तुला तरी सांगितलं असंल की नाव."

नंदू म्हणाला, "मला कोण सांगतंय भावा? माझा आवाज बघितलायस काय?"

नंदूला नाव माहीत होतं. एवढ्या मोठ्या आवाजाच्या माणसाच्या पोटात ते कसं राहिलं याचं मला आजही नवल वाटतं.

*

त्याच सुमारास एका प्रतिष्ठित गृहस्थांचा फोन आला. प्रतिष्ठित म्हणजे त्यांनीच तसं सांगितलं. "मंडळाच्या खोलीत शाळेची पोरं ड्रग्ज घेतायत. पांढरी पावडर! मी खिडकीतून स्वतः बघितली. बोटानं घेतात!"

पोलिसांना घेऊन गेलो. दार उघडलं तर पोरं कॅरम खेळत होती. डबा बोर्डावर, पावडर बोटांवर, राणी भोकाच्या तोंडाशी! हवालदारांनी डबा उचलून वास घेतला आणि त्यांना अशी शिंक आली, की राणी आत गेली.

"साहेब, फाऊल!" एक पोरगं ओरडलं.

सगळे हसलो. पण हसताना माझं लक्ष कोपऱ्यात गेलं. तिथं एक पोरगं भिंतीला टेकून बसलं होतं. त्याला शिंक कळली नव्हती, हसणं कळलं नव्हतं. त्याच्या मुठीत रुमाल होता आणि शेजारी पंक्चर काढायच्या सोल्युशनच्या रिकाम्या ट्यूबा पडल्या होत्या.

त्या पोराच्या आईला बोलावलं. ती आधी माझ्यावरच चिडली. "त्ये सोल्युशन दुकानात मिळतंय की! पोलीस धरत न्हाईत त्या दुकानदाराला. मग नशा कशी म्हणतासा?" मी तिला पोराचे डोळे दाखवले. तशी ती माझाच हात धरून रडायला लागली. पोराला दवाखान्यात नेलं, उपचार सुरू झाले.

गृहस्थांना मी नंतर फोन करून सांगितलं की पावडर कॅरमची होती, पण तुम्ही फोन केलात ते फार बरं झालं. ते म्हणाले, "माझं नाव कुठं आलं नाही ना?" मी म्हटलं, "नाही." त्यावर ते म्हणाले, "पेपरात चांगल्या अर्थानं आलं तर चालेल."

*

सर्जेराव हार मानणारा गडी नव्हता. कुकरवालीनं देवाची शपथ घेतली, म्हणून त्याचा संशय शाळेतल्या बाईंवर गेला. तिथून मेव्हण्यावर, मेव्हण्यावरून दूधवाल्यावर. कुणाकुणाशी त्याचं भांडण झालं! प्रत्येक भांडणानंतर तो आमच्याकडे यायचा आणि आमचा चेहरा निरखून बघायचा.

मग त्यानं डोकं लढवलं. एक दिवस हेल्पलाइनवर फोन आला. आवाज नाकातून काढलेला. "नमस्कार. उचगावच्या आरोहीचा फोन केलाता न्हवं, त्यो माणूस मीच बोलतोय."

"बोला."

"तुमच्याकडं माझं नाव बरोबर लिवलंय काय, तेवढं जरा वाचून दाखवा."

"तुमचं नाव तुम्हीच सांगा की."

"तसं न्हाय... तुम्ही काय लिवलंय त्ये बघायचंय. चूक असंल तर दुरुस्त करतो."

"आधी तुम्ही सांगा, मग जुळतंय का बघते."

बराच वेळ नाकातून श्वास ऐकू येत होता. शेवटी हताश होऊन तो त्याच्या नेहमीच्या आवाजात म्हणाला, "इसरलोय मी."

"सर्जेराव, जेवलात का?"

"न्हाय," तो म्हणाला. आणि मग, पहिल्यांदाच, दुसरा प्रश्न विचारला. "आरोही जेवली आसंल काय?"

*

नाव मिळेना, तेव्हा त्यानं पुढारी आणले. पांढरे कपडे, मागं दोन कार्यकर्ते. पुढारी खुर्चीत बसले ते पाय पसरून.

"कांबळे, सर्जेराव आपला कार्यकर्ता हाय. कोण त्यो फोनवाला, नाव सांगून टाका आणि विषय संपवा."

"न्हाय जमणार साहेब."

"मला न्हाय म्हणतासा?"

"सगळ्यांस्नीच न्हाय म्हणतो."

"तुमचं हे ऑफिस कुणाच्या जिवावर चालतंय, माहीत हाय न्हवं? वर एक फोन केला तर कुलूप लागंल."

मी खरंच घाबरले होते. कांबळे सरांचा आवाज मात्र तसाच, शांत. "लावा की. कुलूप लागलं तर खाली रस्त्यावर टेबल टाकतो. नाव न्हाय सांगणार." मग त्यांनी पुढाऱ्यांपुढं कप सरकवला आणि म्हणाले, "साहेब, उद्या तुमच्या घरातनं कुणी फोन केला, तर त्ये पण मी कुणाला सांगणार न्हाय. ह्या सर्जेरावला न्हाय, आणि तुम्हाला बी न्हाय."

पुढारी उठले. चहा तसाच राहिला. जाताना दारात थांबून त्यांनी कार्यकर्त्यांना खाली पाठवलं आणि हळूच विचारलं, "हा नंबर... दिवसभर चालू असतोय काय?"

कुलूप लागलं नाही.

*

समितीनं सर्जेरावला स्पष्ट सांगितलं होतं, पोरीला भेटायचं असेल तर आधी व्यसनमुक्ती केंद्रात दाखल व्हा. तो दाखल झाला. आम्हाला वाटलं, सुटलो. तर काही दिवसांत स्वारी परत ऑफिसात! अंगावर केंद्राचा निळा सदरा, पायात एकच चप्पल.

"तक्रार लिवून घ्या! तिथं माणसांस्नी कोंडून घालत्यात! अंग ठणकतंय, झोप न्हाय, बिडी बी देत न्हाईत!"

"इथं फक्त मुलांच्या तक्रारी घेतो आम्ही," मी सांगितलं.

"मग?" तो ओरडला. "मी काय आभाळातनं पडलोय? मी बी कुणाचं तरी पोरगंच हाय की!"

नंदूनं त्याला खाली नेलं, मिसळ खायला घातली आणि परत केंद्रावर सोडलं. गेटवर सर्जेराव अडून बसला. नंदू त्याला काय म्हणाला ते सगळ्या रस्त्यानं ऐकलं असणार. "आत जा गप! तुझ्या पोरीला मी कबनूरला सोडली तवा ती मागं बघत न्हवती. पुढच्या खेपेला तिनं बघावं असं वाटत असंल तर आत जा!"

तो आत गेला. या वेळी राहिला.

*

आता परवाची गोष्ट.

सर्जेराव केंद्रातून बाहेर पडून बरेच महिने झालेत. पुन्हा फौंड्रीत जातो. केस चालू आहे, ती चालणारच. आरोही अजून मावशीकडेच आहे आणि तो तिला महिन्यातून एकदा भेटतो, तेही आमच्या ऑफिसात, आमच्या डोळ्यांसमोर. पहिल्या भेटींत ती मावशीला चिकटून दाराजवळच्या खुर्चीत बसायची. तो खाऊ पुढं करायचा आणि ती तो मावशीच्या पिशवीत टाकायची. हल्ली ती त्याच्या समोरच्या खुर्चीपर्यंत आली आहे. त्यापुढं नाही, आणि आम्हीही घाई करत नाही.

परवा तो आला तो हातात पिशवी घेऊन. आत घडी केलेला फेटा होता, जरीकाठाचा, केशरी. कोल्हापुरात कुणी दहावी पास झालं तरी फेटा बांधतात, त्यामुळे मला वाटलं याच्या फौंड्रीत कुणाचा तरी सत्कार असेल.

त्यानं फेटा टेबलावर ठेवला. आरोही आणि मावशी समोर बसल्या होत्या.

"मॅडम, आज नाव विचारत न्हाय," तो म्हणाला. "लई जणांस्नी शिव्या घातल्या मी. कुकरवालीचं तर पाय धरून आलो. ज्यानं कुणी फोन केला आसंल, त्येला एवढा द्या. त्येनं फोन केला नसता तर मी आज कुठं आसतो, आणि ही कुठं..." त्यानं तोंड पुसलं. "माझ्या हातानं बांधायचा हुता त्या पावण्याला. पण नियम हाय तुमचा. तुम्हीच द्या."

कांबळे सर उगाचच बशीतला चहा फुंकायला लागले. चहा केव्हाच गार झाला होता. नंदू खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. मी टेबलाकडे बघत होते, म्हणून मला दिसलं, की आरोही खुर्चीतून उठली आणि टेबलाला वळसा घालून त्याच्या बाजूला आली. तिनं फेट्याची घडी उचलली.

"पप्पा, बांध की मला."

"आगं, ठेव खाली!" सर्जेराव गडबडला. "त्या पावण्याचा हाय त्यो! त्येला काय वाटंल?"

आरोहीनं माझ्याकडे बघितलं. मग फेट्याचं एक टोक त्याच्या हातात दिलं आणि डोकं त्याच्यापुढं वाकवलं.

"काय वाटायचं न्हाय त्याला," ती म्हणाली. "बांध तू."